उद्या पहाटे किती थंडी?

१. प्रस्तावना

महाशिवरात्र आली की थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते, असे महाराष्ट्रात घरोघरी म्हटले जाते. काश्मीरमध्ये थंडीचे तीन टप्पे मानतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचे 'चिल्लई कलान', त्यानंतर वीस दिवसांचे 'चिल्लई खुर्द' आणि शेवटी दहा दिवसांचे 'चिल्लई बच्चा'. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून असे ठोकताळे तयार होतात आणि ते बऱ्याच अंशी खरेही ठरतात. पण एखाद्या वर्षी फेब्रुवारी उजाडतो, दुपारी ऊन चटके देऊ लागते, लोकरीचे कपडे पेटीत जातात आणि अचानक एका पहाटे गारठा परत येतो. अशा वेळी 'थंडी कधी जाते?' या प्रश्नापेक्षा 'उद्या पहाटे माझ्या गावी किती थंडी असेल?' हा प्रश्न महत्त्वाचा होतो. त्याचे उत्तर हवामानाचा अंदाज देतो. तो अंदाज कसा तयार होतो, कसा वाचावा आणि तो कोणापर्यंत पोहोचतो, हे आपण या पाठात पाहणार आहोत.

२. उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

• हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या थंडीच्या लाटेची कारणे सांगणे.
• 'थंडी' आणि 'थंडीची लाट' यांतील फरक स्पष्ट करणे.
• हवामानाच्या अंदाजातील शब्दांचा नेमका अर्थ लावणे.
• शास्त्रीय माहिती सोप्या व अचूक मराठीत लिहिणे.

३. मूळ पाठ

३.१ द्राक्षबागेतील रात्र

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुका द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या काठची ही सुपीक, मोकळी जमीन. येथील कुंदेवाडीला गहू संशोधनाचे जुने केंद्र आहे. थंडीच्या दिवसांत वर्तमानपत्रांत 'निफाडचा पारा घसरला' अशी बातमी हमखास येते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तेथील किमान तापमान २ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरले होते. त्यानंतर दीडच महिन्याने, फेब्रुवारी २०१९ च्या दुसऱ्या आठवड्यात, हिवाळा संपत आला असे वाटत असतानाच नाशिकचे किमान तापमान पुन्हा सुमारे ४ अंशांपर्यंत घसरले.

डिसेंबरची थंडी आणि फेब्रुवारीची थंडी बागायतदाराच्या दृष्टीने सारखी नसते. फेब्रुवारीत अनेक बागांमध्ये मण्यांत पाणी उतरलेले असते, गोडी भरत असते आणि व्यापाऱ्यांशी भावाची बोलणी सुरू असतात. वर्षभराचा खर्च आणि कष्ट त्या वेळी घडांच्या रूपाने मांडवावर लटकत असतात. अशा वेळी पहाटे कडाक्याची थंडी आणि दुपारी कडक ऊन अशी तफावत वाढली, तर मण्यांची वाढ थांबते, काही मणी तडकतात आणि हिरव्या जातींच्या मण्यांवर गुलाबी छटा येते. या विकृतीला बागायतदार 'पिंक बेरी' म्हणतात. परदेशी बाजारपेठेला एकसारखा हिरवा मणी हवा असतो. त्यामुळे एरवी डोळ्यांना सुखावणारा गुलाबी रंग बागायतदाराच्या काळजात धस्स करतो.

उपाय नाहीत असे नाही. बागेत जागोजाग शेकोट्या पेटवून ऊब आणि धूर करता येतो. विहिरीचे पाणी थंडीत हवेपेक्षा उबदार असते, म्हणून पहाटे ते ठिबकने सोडता येते. पण सरपण, मजुरी आणि जागरण या सर्वांना किंमत आहे. शिवाय अनेक गावांत शेतीपंपांची वीज पाळीपाळीने मिळते. रोज रात्री हे करणे परवडत नाही आणि नेमक्या रात्री केले नाही तर नुकसान होते. म्हणून बागायतदाराला संध्याकाळीच ठरवावे लागते : आज जागायचे की झोपायचे?

गंमत अशी, की त्याच्या बांधापलीकडील गव्हाचा शेतकरी याच थंडीने सुखावलेला असतो. गहू आणि हरभरा यांना थंडी मानवते. उलट जळगाव जिल्ह्यातील केळीला ती सोसत नाही. पारा १० अंशांखाली राहिला की तिची वाढ मंदावते. एकाच अंदाजाचा अर्थ प्रत्येक शेतात वेगळा असतो.

३.२ गारठा येतो कोठून?

भूमध्य समुद्राच्या परिसरात निर्माण होणाऱ्या काही वायुप्रणाली पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रवास करत हिवाळ्यात भारताच्या वायव्य भागात पोहोचतात. त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतात. त्यांच्यामुळे जम्मू-काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंड येथे हिमवृष्टी होते. झंझावात पुढे सरकला की त्याच्या मागून उत्तरेकडील थंड, कोरडे वारे वाहू लागतात. ते राजस्थान, गुजरात आणि मध्य प्रदेश ओलांडून उत्तर महाराष्ट्रात येतात. फेब्रुवारीतही असे झंझावात येतच असतात, म्हणून उशिराची थंडी हा निसर्गाचा अपवाद नव्हे.

वारे थंडी आणतात, पण तिचा कडाका वाढवते ती स्थानिक परिस्थिती. दिवसा जमीन सूर्याची उष्णता घेते आणि रात्री ती आकाशाकडे उत्सर्जित करते. आकाशात ढग असतील तर ते पांघरुणासारखे काम करतात आणि उष्णता पूर्णपणे निसटू देत नाहीत. आकाश निरभ्र असेल, वारा पडलेला असेल आणि हवा कोरडी असेल, तर जमीन झपाट्याने गार होते. हवेत पुरेसा ओलावा असल्यास दव पडते. वाफेचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि तापमानाची घसरण मंदावते. कोरड्या हवेत हा आधारही उरत नाही.

थंड हवा जड असते. ती उतारावरून घरंगळत सखल भागात साचते. म्हणूनच टेकडीवरील वस्तीपेक्षा खालच्या नाल्याकाठच्या शेतात अधिक गारवा जाणवतो. शहरातील सिमेंट आणि डांबर दिवसाची उष्णता रात्री हळूहळू सोडत राहतात, त्यामुळे शहराचा पारा भोवतालच्या शिवारापेक्षा थोडा वर राहतो. जिल्ह्याच्या ठिकाणचा आकडा आपल्या शेताला जसाच्या तसा लागू पडत नाही, त्याचे हे कारण आहे.

३.३ पुण्याच्या मैदानावरील एक निरीक्षण

भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ साली झाली. त्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. पुढे ते दिल्लीला गेले, पण पुण्यातील ती दगडी वास्तू आजही 'सिमला ऑफिस' या नावानेच ओळखली जाते. १९३२ मध्ये पुण्यात शेतीसाठी हवामानाचा अभ्यास करणारी शाखा सुरू झाली. तिची धुरा डॉ. एल. ए. रामदास यांच्याकडे होती.

निरभ्र, शांत रात्री जमीन गार होते, तेव्हा सर्वांत थंड थर जमिनीलगतच असणार, असे तोवर शास्त्रज्ञ गृहीत धरत होते. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी जमिनीपासून निरनिराळ्या उंचीवर तापमान मोजले. त्यांना आढळले, की सर्वांत कमी तापमान जमिनीवर नसून तिच्यापासून काही सेंटिमीटर ते वीतभर किंवा त्याहून थोड्या अधिक उंचीवर असते. १९३२ साली त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. प्रस्थापित समजुतीला धक्का देणाऱ्या या निष्कर्षावर अनेकांचा चटकन विश्वास बसला नाही. मोजण्यातच चूक झाली असावी, अशी शंका घेतली गेली. पण इतरांनाही तेच आढळले. आज हा थर 'रामदास थर' म्हणून ओळखला जातो. अनेक दशकांनंतर प्रा. रोद्दम नरसिंहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळुरू येथे या कोड्याचा सैद्धान्तिक अभ्यास केला.

या कथेतून एक महत्त्वाची गोष्ट कळते. हवामान केंद्रातील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. बातमीतील '४ अंश' हा त्या पेटीतील हवेचा आकडा असतो. पेटीबाहेर, उघड्या आकाशाखाली, गुडघ्याइतक्या रोपाला जाणवणारी थंडी त्याहून अधिक असू शकते.

३.४ 'लाट' केव्हा म्हणायची?

बोलताना आपण थोडी हुडहुडी भरली तरी 'थंडीची लाट आली' असे म्हणतो. हवामान विभाग मात्र हा शब्द मोजून वापरतो. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असेल आणि ते त्या काळच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असेल, तर ती थंडीची लाट. घट ६.४ अंशांहून अधिक असेल, तर ती तीव्र लाट. याशिवाय सरासरी काहीही असली तरी पारा ४ अंश किंवा त्याखाली गेल्यास थंडीची लाट आणि २ अंश किंवा त्याखाली गेल्यास तीव्र लाट मानतात. किनाऱ्यावर हिवाळा मुळातच सौम्य असतो, म्हणून तेथे १५ अंश किंवा त्याहून कमी तापमान आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांची घट पुरेशी ठरते.

समजा, एखाद्या मैदानी गावाची सरासरी १२ अंश आहे. तेथे पारा ९ वर आला तर गारठा जाणवेल, पण घट ३ अंशांचीच असल्याने ती लाट ठरणार नाही. पारा ७ वर आला तर घट ५ अंशांची झाली, म्हणजे ती लाट. मुंबईत २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझ येथे ७.४ अंश इतकी नोंद झाली होती. तोच आकडा काश्मीरमध्ये जानेवारीतील सुखद पहाट ठरेल. थंडी ही केवळ आकड्यात नसते, ती सवयीशी असलेल्या अंतरात असते.

३.५ अंदाजाची भाषा

पुढील नमुना वाचा. तो या पाठासाठी तयार केला आहे.

"येत्या ४८ तासांत मध्य महाराष्ट्रात किमान तापमानात २ ते ३ अंशांनी घट होण्याची शक्यता आहे. उत्तरेकडील भागात तुरळक ठिकाणी थंडीची लाट येण्याची शक्यता आहे. त्यानंतर किमान तापमानात हळूहळू वाढ होईल."

येथे 'तुरळक ठिकाणी' हे शब्द सहज वापरलेले नाहीत. त्या विभागातील २५ टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर एखादी घटना अपेक्षित असेल, तर 'तुरळक ठिकाणी' म्हणतात. २६ ते ५० टक्के केंद्रांसाठी 'काही ठिकाणी', ५१ ते ७५ टक्क्यांसाठी 'अनेक ठिकाणी' आणि त्यापुढे 'बहुतांश ठिकाणी' असे शब्द येतात. 'मध्य महाराष्ट्र' हाही हवामानशास्त्रीय उपविभाग आहे आणि त्यात नाशिकपासून कोल्हापूरपर्यंतचा प्रदेश येतो. 'किमान तापमान' म्हणजे साधारणपणे पहाटेचे तापमान, दिवसभराचे नव्हे. आणि 'शक्यता' म्हणजे खात्री नव्हे.

हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल या रंगांनीही इशारे दिले जातात. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे कृती करा. शेतकऱ्यांसाठी कृषी विद्यापीठांतील केंद्रे हवामान विभागाच्या सहकार्याने मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला प्रसिद्ध करतात. त्यात केवळ आकडे नसतात, पिकांची काय काळजी घ्यावी तेही असते.

अंदाज चुकतो तो दोन प्रकारे. थंडी येईल म्हणावे आणि येऊ नये, ही एक चूक. थंडी येणार नाही म्हणावे आणि यावी, ही दुसरी. पहिल्या चुकीत एका रात्रीचे सरपण आणि झोप वाया जाते. दुसऱ्या चुकीत बाग जाऊ शकते. दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही, म्हणून शहाणा बागायतदार 'येणारच आहे का?' असे न विचारता 'आली तर मला काय सोसावे लागेल?' असे विचारतो. मात्र पहिली चूक वारंवार झाली तर लोकांचा विश्वास उडतो आणि मग खरा इशाराही कोणी ऐकत नाही. त्यामुळे अंदाज सांगणाऱ्याने शब्द वाढवून वापरू नयेत आणि ऐकणाऱ्याने ते गाळून ऐकू नयेत. 'तुरळक' हा एक शब्द गाळला, की साधी सूचना अफवा होते.

३.६ अंदाज कोणासाठी?

२०१९ पासून 'मेघदूत' या ॲपवर जिल्ह्याचा अंदाज आणि कृषी सल्ला मिळतो. वर्तमानपत्र, आकाशवाणी आणि दूरदर्शन आहेतच. बागायतदार दिवसातून चार वेळा मोबाइल पाहतो.

पण त्याच फेब्रुवारीत साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू असतो. बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून आलेली ऊसतोड मजुरांची कुटुंबे उघड्या शिवारात, पाचटाच्या कोप्यांत राहतात. पहाटेच्या अंधारात, दवाने भिजलेल्या उसात त्यांचा कोयता चालू होतो. लहान मुले कोपीत, नाहीतर फडाच्या कडेला गोधडीत झोपलेली असतात. सखल शिवारात साचणारी थंड हवा, निरभ्र आकाश, जमिनीलगतचा गारठा, हे सारे शास्त्र त्या गोधडीला लागू पडते. 'उद्या पारा ५ अंशांवर' ही ओळ त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचवली आणि तिच्याबरोबर चार घोंगड्या व तासभर उशिरा कामाला येण्याची मुभा पोहोचली, तर त्या अंदाजाचे सार्थक झाले.

द्राक्षाचा मणी वाचवण्यासाठी आपण रात्रभर शेकोटी पेटवतो. त्याच शिवारात झोपलेल्या मुलाच्या वाट्यालाही ती ऊब यायला हवी. हवामानाचा अंदाज हे शास्त्र आहे, पण तो वेळेवर, समजेल अशा भाषेत, गरज असलेल्या माणसाला सांगणे हे समाजाचे काम आहे. तुम्ही अंदाज वाचू शकता. ज्याला तो वाचता येत नाही, त्याला तो समजावून सांगणे ही तुमच्या शिक्षणाची पहिली परीक्षा समजा.

४. शब्दार्थ

ठोकताळा – अनुभवावरून बांधलेला ढोबळ अंदाज
उत्सर्जित करणे – बाहेर टाकणे
निरभ्र – ढग नसलेले
सखल – खोलगट, खालच्या पातळीवरील
फड – तोडणीसाठी तयार असलेले उसाचे शेत
पाचट – उसाची वाळलेली पाने
कोपी – पाचट, बांबू इत्यादींची तात्पुरती झोपडी
गळीत हंगाम – ऊस गाळून साखर तयार करण्याचा काळ

५. पाठगत प्रश्न

(अ) योग्य पर्याय निवडा.
१. 'अनेक ठिकाणी' म्हणजे किती केंद्रांवर?
(क) २५ टक्क्यांपर्यंत (ख) २६ ते ५० टक्के (ग) ५१ ते ७५ टक्के
२. कोणत्या रात्री जमीन अधिक वेगाने गार होते?
(क) ढगाळ व दमट (ख) निरभ्र, शांत व कोरड्या (ग) वादळी

(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
१. रामदास व आत्मनाथन यांना काय आढळले?
२. सरासरी किमान तापमान १३ अंश असलेल्या मैदानी गावात पारा ८ वर आला, तर ती थंडीची लाट ठरेल का?

६. भाषाभ्यास

'अंदाज' हा फारसीतून मराठीत रुळलेला शब्द आहे. 'अंदाज', 'भाकीत' आणि 'भविष्य' हे शब्द आपण कधी कधी एकाच अर्थाने वापरतो. परंतु अंदाजामागे निरीक्षण आणि हिशेब असतो, तर भविष्य सांगणारा कारण देण्यास बांधलेला नसतो. शास्त्रीय लेखनात हा फरक पाळावा.

'पारा घसरला', 'थंडीची लाट', 'हुडहुडी भरणे' हे प्रयोग पाहा. तापमापकातील पारा खाली येतो, म्हणून 'पारा घसरणे' म्हणजे तापमान कमी होणे. 'पारा चढणे' याचा मात्र दुसरा अर्थही आहे. रागावलेल्या माणसाचाही पारा चढतो!

७. तुम्ही काय शिकलात?

• पश्चिमी झंझावातानंतर येणाऱ्या उत्तरेकडील वाऱ्यांमुळे फेब्रुवारीतही थंडीची लाट येऊ शकते.
• आकाश, वारा, ओलावा आणि जमिनीचा उतार यांमुळे थंडी गावागणिक बदलते.
• 'लाट', 'तुरळक', 'शक्यता' या शब्दांना अंदाजात निश्चित अर्थ असतो.
• अंदाज गरजूंपर्यंत पोहोचला तरच त्याचा उपयोग होतो.

८. स्वाध्याय

१. 'दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही', या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. एकच थंडी गहू, द्राक्ष आणि केळी यांवर कसा वेगवेगळा परिणाम करते ते लिहा.
३. तुम्ही भारताच्या कोणत्याही राज्यात राहत असाल, तेथील थंडीविषयीची एखादी म्हण किंवा समजूत वडीलधाऱ्यांना विचारा आणि ती मराठीत पाच-सहा ओळींत लिहा.
४. सात दिवस आपल्या गावाच्या किमान तापमानाचा अंदाज आणि प्रत्यक्ष नोंद वहीत शेजारीशेजारी लिहा. काय आढळले?
५. थंडीच्या लाटेची सूचना उघड्यावर काम करणाऱ्या मजुरांसाठी सोप्या मराठीत, पन्नास शब्दांत तयार करा.

९. उत्तरसूची

(अ) १. ग २. ख
(आ) १. निरभ्र, शांत रात्री सर्वांत कमी तापमान जमिनीवर नसून तिच्या किंचित वर असते, असे त्यांना आढळले.
२. होय, तापमान १० अंशांखाली आहे आणि घट ५ अंशांची आहे, म्हणून ती थंडीची लाट ठरेल.